चाके काढण्याचा निर्णय : तान्ह्या पोळ्यासाठी केलेल्या रेझिन नंदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील एका गावात पिढीजात सुतारकाम करणारे हे घर आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचे व व्यक्तींचे नाव दिलेले नाही, आणि निर्णयांवर परिणाम न करणारे काही तपशील बदलले आहेत. घरातील वडील पूर्वी वखर, तिफण, डवरा आणि बैलगाडीची चाके करीत असत. शेतात ट्रॅक्टर आले तसे हे काम आटत गेले आणि दारे, खिडक्या, दिवाण यांवर घर चालू लागले. जुन्या कामांपैकी एक मात्र टिकून राहिले, ते तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करण्याचे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेला लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत आणतात, मग घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. या सणामुळे आमच्या भागातील सुताराला दरवर्षी ठरावीक वेळी खेळण्याचा धंदा मिळतो.

या घरातील मुलीने नागपुरात कला शिक्षक पदविका घेतली आणि तेथे तिला रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या, कलाखेळण्यांची ओळख झाली. खेळण्याच्या रूपात असलेली, पण प्रौढ संग्राहकांसाठी थोड्या संख्येने केलेली ही शिल्पे होत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाँगकाँगमध्ये मायकेल लाऊ यांच्यासारख्या कलाकारांनी या प्रकाराला ओळख मिळवून दिली. मोठ्या संख्येने करायची असली तर ती मऊ व्हिनाइलमध्ये करतात आणि त्यासाठी धातूचे महागडे साचे लागतात. पंचवीस-पन्नास नगांपुरते काम असले तर सिलिकॉन रबराचा साचा व दोन घटकांचे पॉलियुरेथेन रेझिन पुरते, आणि एकट्या माणसाला घरच्या खोलीत ते करता येते. पदविका पूर्ण करून गावी परतलेल्या या मुलीला नेमके हेच आकर्षक वाटले.

सुरुवातीला तिने बाजारात गाजत असलेल्या, मोठ्या कानांच्या एका परदेशी बाहुलीसारखे काहीतरी करून पाहिले. ते लवकरच सोडून दिले. दुसऱ्याच्या पात्राची नक्कल विकणे कायद्याने अडचणीचे होतेच, शिवाय तिच्याच शब्दांत, हे काम दिल्लीचा कारखाना तिच्यापेक्षा स्वस्त करणार होता. घरात वडील नंदी घडवीत असताना नंदीच का करू नये, हा विचार त्यानंतर आला.

मूळ नमुना आणि साचा

ज्यावर सिलिकॉन ओतून साचा घ्यायचा तो नंदीचा मूळ नमुना वडिलांनी सागवानात कोरून दिला. त्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर होती. मुलीच्या चित्रात बैलाची शिंगे खिलारी बैलासारखी लांब, मागे जाऊन वर वळलेली होती, कारण चित्रांत आणि कॅलेंडरांवर बैल तसाच दिसतो. वडिलांनी ते नाकारले. वर्धा-नागपूरकडचा बैल म्हणजे गवळाऊ. त्याचे अंग पांढरे किंवा राखी, तोंड लांब व अरुंद, आणि शिंगे आखूड, बोथट, किंचित मागे झुकलेली असतात. वडिलांचा आग्रह खरेपणासाठी होता, परंतु त्याचा लाभ ओतकामातही झाला. लांब शिंगाच्या टोकात हवा अडकते, रेझिन पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी पाठवणीत ते शिंग मोडते. जातीला धरून आखूड केलेल्या शिंगांनी हे दोन्ही प्रश्न बरेचसे मिटवले. स्थानिक वाणाची खरी ओळख आणि साच्याची सोय अशी एकाच जागी जुळून येणे क्वचितच घडते, म्हणून त्याची नोंद येथे मुद्दाम केली आहे.

लाकूड सच्छिद्र असते व त्यात ओल असते. त्यामुळे सिलिकॉन ओतण्यापूर्वी नमुन्यावर लाखेच्या पॉलिशचे पातळ हात देऊन तो बंद करावा लागतो. ते काम वडिलांच्या रोजच्या सवयीचे होते. सिलिकॉन निवडताना मात्र एक पेच आला. प्लॅटिनमवर जमणारे, म्हणजे प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे, सिलिकॉन कमी आटते व जास्त टिकते, पण गंधक, कथिल किंवा अमाइन यांच्या संपर्कात ते जमतच नाही आणि पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. नंदीच्या झुलीवरची नक्षी मुलीने तेलमातीने वाढवली होती आणि त्या तेलमातीत गंधक होते. छोट्या तुकड्यावर चाचणी घेतल्यामुळे हे वेळेत कळले. तिने कथिलावर जमणारे सिलिकॉन घेतले. ते थोडे आटते आणि त्यातील साचा पंचवीस-तीस नगांनंतर फाटू लागतो, परंतु या नमुन्याला ते चालणार होते.

साचा दोन भागांचा केला आणि सांधरेषा पाठीच्या कण्यावरून शिंगांच्या मधून नेली. नंदी उलटा ठेवून पायांच्या तळव्यांतून रेझिन ओतायचे ठरले, म्हणजे शिंगे सर्वांत खाली येऊन आधी भरतात. उलट्या नंदीचे पोट वर येते व चार पायांच्या मधोमध हवेचा खिसा राहतो. पहिल्या ओतीव नगांच्या पोटाला खड्डे पडले ते त्यामुळेच. पोटाच्या मध्यातून हवा निघण्यासाठी एक बारीक नळी ठेवल्यावर खड्डे थांबले.

बुडबुडे लहान करण्यासाठी रेझिन जमेपर्यंत साचा हवेच्या दाबाखाली ठेवतात आणि त्यासाठी साधारण ४० ते ६० पीएसआय (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) दाब लागतो. घरचा प्रेशर कुकर वापरावा अशी सूचना गावातील एका मित्राने केली. कुकर सुमारे १५ पीएसआयसाठी केलेला असतो. त्यात तिप्पट-चौपट दाब भरणे म्हणजे स्वयंपाकघरात स्फोटाची तयारी करणे होय, आणि मुलीने ती सूचना ठामपणे नाकारली हे योग्य झाले. त्याऐवजी रंग फवारण्याच्या यंत्राचे, दाबाची मर्यादा कोरलेले जुने भांडे नागपुरातून घेतले आणि मामाच्या पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसर रात्री वापरायचा ठरवला. दाबाखाली ओतायचे असेल तर सिलिकॉनचा साचासुद्धा दाबाखालीच जमवावा लागतो. तसे न केल्यास रबरात राहिलेले बुडबुडे ओतताना चेपतात आणि नगावर पुळ्या उठतात. हे तिने आधीच वाचून ठेवले होते, त्यामुळे पहिला साचा वाया गेला नाही.

जागेचा प्रश्न वेगळा होता. पॉलियुरेथेन रेझिनच्या एका घटकात आयसोसायनेट असते. त्याची वाफ श्वासावाटे वारंवार गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा अंगाने ते नाकारायला सुरुवात केली की थोड्या संपर्कानेही त्रास होतो. घरात आजीला आधीच दमा होता. म्हणून काम घराबाहेर, बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या ढोरांच्या कोठ्यात हलवले. तेथे दोन्ही बाजूंनी वारा होता. मुखपट्टी कापडाची न घेता सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या डब्यांची घेतली, हातात नायट्राइलचे मोजे घातले आणि घासकाम पाण्यात पॉलिश पेपर बुडवून केले, म्हणजे धूळ उडत नाही. उघड्या कोठ्याचा हा निर्णय आरोग्याच्या दृष्टीने अचूक होता, परंतु पावसाळ्यात त्याचीच दुसरी बाजू समोर आली.

अडचण

आषाढात नागपुरातील एका भेटवस्तूंच्या दुकानदाराने नमुना पाहिला आणि तान्ह्या पोळ्यासाठी १०० नग मागितले. भाव नगाला ४५० रुपये ठरला. त्याची एक अट होती, नंदीला चाके हवीत. तान्ह्या पोळ्याला चाकांविना नंदी कोण घेणार, हे त्याचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने बरोबर होते.

या अटीने संपूर्ण प्रकरणाची दिशा बदलली. तोपर्यंत मुलीच्या मनात ही वस्तू संग्राहकाच्या टेबलावर ठेवायची कलाकृती होती. चाके लावताच ती लहान मुलाने दोरी बांधून ओढायची वस्तू झाली. केंद्र सरकारच्या २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून केलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक लागू होते. त्यात टोकदार कडा, सुटणारे बारीक भाग, रंगातील शिसे व इतर जड धातू यांची तपासणी येते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. वडिलांकडे लाकूडकामाचे कारागीर ओळखपत्र होते, त्यामुळे त्यांचे लाकडी नंदी सुटीत बसत होते. मुलीने साच्यात ओतलेला रेझिनचा नंदी वडिलांच्या ओळखपत्राखाली आणणे सुरक्षित नाही, असे घरातील सर्वांनी मान्य केले.

दुकानदाराने सोपा उपाय सुचवला. डब्यावर ‘शोभेची वस्तू, मुलांसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावायची आणि चाके तशीच ठेवायची. अशा चिठ्ठ्या लावलेल्या अनेक वस्तू बाजारात दिसतात, त्यामुळे मुलगी जवळजवळ तयार झाली होती. वडिलांनी विरोध केला. त्यांचे वाक्य जसेच्या तसे देतो : ‘‘चाकं हायेत म्हणजे पोरगं ते ओढीनच. चिठ्ठीवर का लिहिलं हाये ते त्याले वाचता येते का?’’

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा विचार याच प्रश्नात आहे. वस्तू कोणासाठी आहे हे तिच्या घडणीवरून ठरते आणि चिठ्ठी त्या घडणीला रद्द करू शकत नाही. आदेशातील व्याख्याही, वस्तू केवळ मुलांसाठी नसली तरी त्यांच्या खेळासाठी आहे असे स्पष्ट दिसत असेल तर तिला खेळणेच मानते. सुताराने कायदा न वाचता तोच निष्कर्ष काढला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे चाके ठेवून मानक ब्यूरोचा परवाना घेणे. त्यासाठी तपासणीची व्यवस्था, शुल्क आणि वेळ हवा होता, आणि पोळा दीड महिन्यावर आला होता. वर्षाला शे-दोनशे नग करणाऱ्या घराला हा खर्च कधी परवडेल हा प्रश्न वेगळाच. दुसरा पर्याय चिठ्ठीचा. त्यात पैसा होता आणि जोखीम दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर होती. तिसरा पर्याय असा की अंग लाकडाचे ठेवून फक्त झूल आणि गळ्यातील माळ रेझिनची करावी. तो दिसायला मधला मार्ग होता, पण त्यात लहान, चिकटवलेले, सुटू शकणारे भाग वाढत होते, म्हणजे मुलाच्या दृष्टीने तो अधिक वाईट होता. चौथा पर्याय म्हणजे चाके काढून नंदी एका पाटावर कायमचा बसवणे, त्याला क्रमांक देणे, आणि मोठ्या माणसांसाठी म्हणून विकणे. ओढायचा नंदी वडील लाकडातच करीत राहतील.

चौथा पर्याय स्वीकारला गेला. दुकानदाराने मागणी १०० वरून ६० नगांवर आणली. हा तोटा घराने जाणीवपूर्वक पत्करला. पाट सागवानाचा ठेवल्यामुळे वडिलांचे काम प्रत्येक नगात दिसू लागले आणि एक नाजूक मुद्दाही सुटला. मूळ नमुना वडिलांनी कोरला होता, त्यामुळे विकलेल्या नगावर कोणाचे नाव असावे याबद्दल घरात अवघडलेपण होते. पाटाखाली दोघांची आद्याक्षरे टाकायची आणि प्रत्येक नगामागे वडिलांना ठरावीक वाटा द्यायचा, असे ठरले. बापलेकीत असा हिशेब कशाला, असे नातेवाइकांनी म्हणून पाहिले. हिशेब लिहून ठेवल्यामुळे पुढे तंटा झाला नाही, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

दुसरे संकट : पाऊस आणि फेस

ओतकामाला सुरुवात झाली ती श्रावणाच्या झडीत. आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि रेझिन घट्ट होण्याऐवजी पावासारखे फुगते. हवेतील ओल, साच्यावरची ओल, भुकटीतील ओल, डबा उघडा राहिल्याने शिरलेली ओल, यांपैकी काहीही पुरते. पहिल्या तुकडीतील बहुतेक नग आतून स्पंजासारखे निघाले व काहींची पाठच वर आली.

दोष कोठे आहे हे शोधताना मुलीने प्रथम रंगावर संशय घेतला, कारण तिने रेझिनमध्ये पाण्यात विरघळणारा रंग थेंबभर घातला होता. तो बंद केल्यावर फेस कमी झाला, थांबला नाही. त्यानंतर तिने एका वेळी एकच गोष्ट बदलायची अशी पद्धत घेतली आणि मला वाटते येथेच ती घरगुती प्रयोगातून कारागिरीकडे वळली. रेझिन वाचवण्यासाठी ती त्यात संगजिऱ्याची भुकटी मिसळत असे. भुकटीची पिशवी कोठ्यात उघडी होती. भुकटी वगळून ओतलेला नग जवळजवळ निर्दोष आला. पाच किलोच्या उघडलेल्या डब्यातील रेझिन आणि नव्या सीलबंद किलोच्या डब्यातील रेझिन यांतही फरक दिसला. म्हणजे ओल तीन वाटांनी येत होती आणि प्रत्येक वाट वेगळी बंद करायला हवी होती.

पोळ्याला तीन आठवडे उरले असताना पुन्हा पर्याय मांडावे लागले. इपॉक्सी रेझिन वापरले तर फेसाचा प्रश्न जवळपास संपला असता. परंतु ते साच्यातून निघायला साधारण एक दिवस लागतो आणि दोन साच्यांवर दिवसाला दोनच नग झाले असते. शिवाय दमट हवेत अनेक इपॉक्सींवर तेलकट थर येतो व रंग धरत नाही. तालुक्याच्या गावी ओळखीच्या संगणक शिकवणीची वातानुकूलित खोली रात्री मिळत होती. तेथील हवा कोरडी होती हे खरे, पण खोली बंद होती, आणि रात्री आयसोसायनेटची वाफ भरलेल्या खोलीत सकाळी शाळकरी मुले बसणार होती. मुलीने हा पर्याय एका दिवसात सोडला. घाईच्या दिवसांत, हातात उपाय असताना, दुसऱ्यांच्या मुलांचा विचार करून तो नाकारणे सोपे नसते, आणि वडिलांचा चाकांबद्दलचा प्रश्न तिने येथे स्वतःच पुन्हा विचारला असे म्हणता येईल.

शेवटी कोठ्यातच मार्ग काढला. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी करतात तशी, बल्ब लावलेली पत्र्याची पेटी तयार केली आणि ओतण्यापूर्वी साचे त्यात तासभर ठेवून कोरडे व कोमट केले. भुकटी पूर्ण बंद केली. रेझिन किलोच्या डब्यांतच घेतले व उघडलेला डबा त्याच रात्री संपवला. कंप्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारी बाटली बसवली, कारण दाबलेल्या हवेतून पाण्याचे थेंब भांड्यात येत होते. कोमट साच्यात रेझिन लवकर जमते, म्हणून मिश्रण लहान केले व एका वेळी एकच साचा भरला. पाऊस थांबलेल्या रात्री काम करायचे आणि झडीच्या रात्री फक्त घासकाम व रंगकाम करायचे, असे वेळापत्रक बसले.

निष्पत्ती

पोळ्याच्या आठवड्यात ६० पैकी ३४ नग दुकानदाराला पोहोचले. उरलेल्यांसाठी तो थांबला नाही, तसे त्याने आधीच सांगितले होते. पोहोचलेले नग सणाआधी संपले, आणि त्यांतील काही नागपूरबाहेर स्थायिक झालेल्या वैदर्भीय घरांनी घेतले. पैशाचा हिशेब मात्र उत्साह वाढवणारा नव्हता. नगाचा खर्च काढताना मुलीने रेझिन, रंग व पाट धरले होते. साचा पंचवीस-तीस नगांनी संपतो, म्हणून त्याचा खर्च तेवढ्या नगांवर वाटायला हवा, हे तिने धरले नव्हते. वाया गेलेले नग आणि घासकामाचे तासही त्यात नव्हते. हे सर्व मिळवले तर ४५० रुपयांत हातात जवळपास काहीच उरले नाही. सिलिकॉन ही या धंद्यातील सर्वांत महाग वस्तू आहे आणि ती विकली न जाता झिजते, त्यामुळे नवा माणूस तिला हिशेबात धरायला विसरतो.

आणखी एक गोष्ट घडली आणि तिने चाकांच्या निर्णयाची मर्यादा दाखवली. दुकानदाराने पाटावरचे नंदी लाकडी नंदींच्याच शेजारी, खालच्या फळीवर मांडले. एका ग्राहकाच्या लहान मुलाने घरी नंदीच्या मानेला दोरी बांधून तो पाटासकट ओढला आणि गळ्यात चिकटवलेले पितळी घुंगरू सुटले. मुलाने ते तोंडात घालण्यापूर्वी आईच्या लक्षात आले, म्हणून काही झाले नाही. आईने नंदी परत आणून दिला आणि दुकानदाराने ती तक्रार घरापर्यंत पोहोचवली. चाके काढली म्हणून वस्तू आपोआप मोठ्यांची होत नाही. बैलाचा आकार, सण आणि दुकानातील फळी हे तिन्ही घटक मुलाला बोलावतात. तरीही चाके असती तर हा प्रसंग एका घरापुरता राहिला नसता, असे मला वाटते. पुढच्या तुकडीत घुंगरू वेगळे न लावता नमुन्यातच कोरले आणि दुकानदाराशी नंदी वरच्या बंद काचेच्या कपाटातच ठेवण्याची लेखी अट घातली.

काय वेगळे करता आले असते

नंदी कोणाच्या हातात जाणार हा प्रश्न नमुना कोरण्यापूर्वी विचारला गेला असता तर चाके, घुंगरू, आकार आणि भाव हे सर्व एकाच विचारातून ठरले असते. प्रत्यक्षात आधी साहित्य ठरले, मग आकार, मग ग्राहक, आणि कायदा सर्वांत शेवटी. कलाशिक्षणात हा क्रम असाच शिकवला जातो, त्यामुळे मुलीला त्यात वावगे वाटले नाही. वडिलांच्या कामात मात्र गिऱ्हाईक आधी येते. ज्या शेतकऱ्याला तिफण हवी त्याची जमीन कशी आहे हे पाहूनच ते लाकूड निवडत. दोघांच्या पद्धतींतील हा फरक सुरुवातीला कोणी बोलून दाखवला नाही, आणि तो बोलला गेला असता तर एक महिना वाचला असता.

ऋतूचा विचार दुसरा. विदर्भात पोळा पावसाळ्यातच येणार आणि ओतकामाला पावसाळा नकोच असणार. मागणी आल्यावर ओतायला बसणे म्हणजे सर्वांत वाईट हवेत सर्वांत नाजूक काम करणे होय. ओतकाम हिवाळ्यात करून नग कोरे ठेवणे आणि रंगकाम आषाढ-श्रावणात करणे अधिक सोयीचे आहे. उन्हाळ्यात हवा कोरडी असते खरी, पण पारा ४५ अंशांवर जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन ओतायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना चार मिनिटे लिहिलेले असेल तर वैशाखातल्या दुपारी मिश्रण कपातच दगड होते. कोठ्यात कूलर लावणे हा त्यावर उपाय नाही, कारण कूलर पाण्याची ओल हवेत सोडतो आणि श्रावणातला फेस वैशाखात परत येतो. पहाटेचे दोन-तीन तास तेवढे वापरता येतात.

भाव ठरवताना साचा, तूट आणि वेळ हिशेबात घेऊन नगाची किंमत ८०० रुपयांच्या आसपास यायला हवी होती. त्या भावाला दुकानदाराने नकार दिला असता हे जवळपास निश्चित आहे. मग विक्री दुकानातून न करता थेट संग्राहकांना, कमी संख्येने, करावी लागली असती. मुलीने पुढच्या वर्षी तो मार्ग घेतला आणि ४० नगांची क्रमांकित तुकडी पौष-माघात ओतून ठेवली. यांतील एकाही नगाला चाके नाहीत. दुकानदाराने पुन्हा चाकांची मागणी केली तेव्हा त्याला वडिलांचे लाकडी नंदी पाठवले गेले आणि त्याने ते घेतले.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वाया गेलेले रेझिन व फाटलेले साचे यांचे काय करायचे, याची गावात काहीही सोय नाही. जाळले तर विषारी धूर होतो आणि उकिरड्यावर टाकले तर ते शेणखतातून शेतात जाते. तूर्त ते पोत्यांत भरून कोठ्याच्या माळ्यावर ठेवले आहेत. जुन्या सिलिकॉनचे बारीक तुकडे नव्या साच्याच्या बाहेरच्या भागात भरता येतात, त्यामुळे त्यातील काही परत कामी येते आणि महाग सिलिकॉनही वाचते. रेझिनच्या फुगलेल्या नंदींना मात्र अजून कोणताही उपयोग सापडलेला नाही.